घोडा ‘खोलत’ नाहीत

गेल्या वर्षी भोपाळमधल्या एका मराठी मेळाव्यात एक चार पानी पत्रक वाटले गेले. मराठीत शिरलेले ‘परके’ शब्द डाव्या बाजूला आणि त्यांचे ‘शुद्ध’ पर्याय उजव्या बाजूला, अशी त्याची मांडणी. कल्पना नवी नाही. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा याद्यांची सवय आहे. परंतु वाहनांच्या पानावर नजर गेली आणि मी थबकलो. टांगा म्हणजे अश्वयान. बग्गी म्हणजे लघुअश्वयान. दोन घोड्यांची गाडी द्व्यश्वयान, चार घोड्यांची चतुरश्वयान. टांगेवाला सारथी. कोचवान, लगाम, चाबूक, खोगीर ही सारी मंडळी हद्दपार!

पत्रक काढणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. त्यांच्यातले दोघेतिघे माझे स्नेही आहेत, आणि हा लेख वाचून ते स्नेही राहतील अशी आशा आहे. पण या यादीला माझा विरोध आहे, आणि तो मोघम नाही. या यादीने नामे धरली आणि क्रियापदे सोडली. चोर माजघरात शिरलेला असताना आपण ओसरीवरच्या चपला मोजत बसावे, तसा हा प्रकार आहे.

आधी नामांचेच पाहू. गाडीचे नाव गाडीबरोबर गावोगाव फिरते, हा जगाचा न्याय आहे. इंग्रजांचा ‘कोच’ हा मुळात इंग्रजी शब्दच नव्हे. हंगेरीत कोच नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे पंधराव्या शतकात चांगल्या गाड्या बनत, आणि त्या गावाचे नाव साऱ्या युरोपात गाडीला चिकटले. आपला ‘कोचवान’ त्या गावचा! ‘लँडो’ ही जर्मनीतल्या लांडाऊ शहराच्या नावाची गाडी. ‘फेटन’ हे ग्रीक पुराणातल्या सूर्यपुत्राचे नाव. त्याने बापाचा रथ हट्टाने मागून घेतला, घोडे त्याला आवरले नाहीत आणि त्यातच त्याचा अंत झाला. (गाडीला असे अपशकुनी नाव ठेवणाऱ्यांच्या धाडसाचे मला नेहमी कौतुक वाटते.) ‘व्हिक्टोरिया’ राणीच्या नावाची. रशियातली त्रोयका तीन घोड्यांची, म्हणून तिच्या नावात तीन. रोमन लोकांची क्वाद्रिगा चार घोड्यांची, म्हणून तिच्या नावात चार. आणि आपला एक्का एका घोड्याचा, म्हणून त्याच्या नावात एक. यांतला कोणता शब्द कोणाच्या बापाचा, हे ठरवायला कोण बसले आहे?

आणि देवघेव एका बाजूने झाली असेही नाही. एकेकाळी मुंबईकडे भाड्याच्या बंदिस्त गाडीला ‘शिगराम’ म्हणत. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि यूल व बर्नेल यांनी १८८६ साली काढलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद केली. तो मराठी ‘शीघ्र’पासून आला, असे तेच सांगतात. त्याच नोंदीत त्यांनी मद्रासकडच्या ‘जटका’ गाडीचा उल्लेख केला आहे. तिचे नाव ‘झटका’वरून आलेले. बेळगाव-बिदरकडच्या वाचकांना हा जटका कानडीतून चांगला ओळखीचा असेल. म्हणजे एका प्रांताने ‘शीघ्र’ म्हटले, दुसऱ्याने ‘झटका’ म्हटले. दोघांच्याही मनात गाडीचा वेग होता, शुद्धी नव्हती.

मराठीत घोड्यांच्या गाड्यांची स्वतःची नावे कमी का, याचाही विचार करायला हवा. आमच्या पत्रककर्त्यांना वाटते की ती होती आणि परक्यांनी पुसली. खरी गोष्ट साधी आहे. सह्याद्रीच्या घाटांत आणि दख्खनच्या खडकाळ वाटांवर ओझे ओढायचे ते बैलाने. घोडा हा बसायचा प्राणी. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत दोराह्याचा तह झाला. मराठी घोडा भोपाळला आला तो पाठीवर माणूस घेऊन, मागे गाडी बांधून नव्हे. म्हणून आपल्याकडे पागा, शिलेदार, बारगीर, तोबरा, चंदी, खरारा, मोतद्दार हे शब्द भरपूर आणि चार घोड्यांच्या गाडीला शब्द नाही. बोरघाटातून गाडीने जाण्याजोगा रस्ता झाला तो १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. हा तोच माल्कम, ज्याने त्याआधी माळव्याची घडी बसवली आणि मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. आपल्या भागाला तो अपरिचित नाही. रस्ते झाले तेव्हा गाड्या आल्या, गाड्यांबरोबर त्यांची नावे आली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा लोकांनी ‘ट्राम’च म्हटले, कुणाचे काही बिघडले नाही.

बरे, पत्रकातून हद्दपार केलेल्या बाकीच्या शब्दांचे काय? लगाम, चाबूक, खोगीर फारसीतून आलेले आहेत, नाल अरबीतून. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राजव्यवहारकोश तयार झाला, त्यात चतुरंगवर्ग नावाचा एक स्वतंत्र वर्ग आहे. कारभारातल्या फारसीला संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा आणि आवश्यक उद्योग होता. तरीही आज साडेतीनशे वर्षांनी मराठी माणूस खर्चाला लगामच घालतो आणि निकामी भरण्याला खोगीरभरतीच म्हणतो. (चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यातला रथ तर महाराजांच्या सैन्यात नव्हताच. वस्तू जाऊन शेकडो वर्षे झाली तरी शब्द टिकतो, याचा हा एक दाखला. तो पुढे उपयोगी पडेल.) सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द दिले आणि ते रुजले. का रुजले? पदे नवी होती, शब्द सुटसुटीत होते, आणि कोणाच्याही तोंडातला जुना घास काढून ते भरवायचे नव्हते. ‘चतुरश्वयान’ यात कुठे बसते?

पत्रककर्ते म्हणतील, आम्ही संस्कृत आणले, संस्कृत तर आपलेच. जरूर आपले. पण मग नीट पाहा की संस्कृताने या बाबतीत काय केले. गाडीला किती घोडे, एवढ्यावर ते थांबले नाही; कोणता पशू कोणत्या जागी जुंपला आहे, यावर त्याची खरी नजर आहे. पाणिनीच्या व्याकरणाप्रमाणे रथ ओढणारा तो ‘रथ्य’, जू वाहणारा तो ‘युग्य’, धुरेला लागणारा तो ‘धुर्य’ किंवा ‘धौरेय’. वैदिक वाङ्मयात मधल्या जोडीच्या बाजूला जोडलेल्या जादा घोड्याला ‘प्रष्टि’ असा वेगळा शब्द आहे. महाभारतात श्रीकृष्णाच्या रथाच्या चार घोड्यांना शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक अशी नावे आहेत; त्या रथाला ‘चतुरश्वयान’ म्हणून हाक मारावी असे कुणाला सुचले नाही. चार घोड्यांचा रथ आपल्या लोकांनी दगडातही कोरला. पुण्याकडे भाज्याच्या लेण्यात तो आहे, पुष्कळ अभ्यासक तो सूर्याचा मानतात. आणि आपल्या भोपाळपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, सांचीच्या उत्तर तोरणाच्या सर्वांत खालच्या तुळईवर वेस्संतर राजपुत्राची कथा आहे. हा दानशूर राजपुत्र वनवासाला निघाला. वाटेत ब्राह्मणांनी मागितले म्हणून त्याने आधी रथाचे चारही घोडे देऊन टाकले, मग रथही दिला. दर हिवाळ्यात शाळांच्या सहली सांचीला जातात. मुले तोरणाखाली उभी राहून छायाचित्रे काढतात. घोडे देऊन टाकले म्हणजे आधी काय करावे लागले, हे सांगायला मराठी क्रियापद कितीजणांकडे असते, हा माझा प्रश्न आहे.

कारण त्या साऱ्या संस्कृत भांडारातून मराठीच्या घरात खरोखर राहायला आले ते मोठाले सामासिक शब्द नव्हेत. चक्राचे चाक झाले, अराचा आरा झाला, युगाचे जू झाले. हे ‘जू’ म्हणजे इंग्रजीतला ‘योक’, लॅटिनमधला ‘युगुम’. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच घराण्यातली ही भावंडे. धुरेची ‘धुरा’ झाली, आणि आजही नवा अध्यक्ष निवडून आला की तो संस्थेची धुरा सांभाळतो. (वऱ्हाडात मात्र धुरा म्हणजे शेताचा बांध, तिथे धुरा सांभाळणे याचा अर्थ शेजाऱ्याशी कोर्टात भांडणे असाही होऊ शकतो.) पत्रककर्त्यांना संस्कृतचा अभिमान आहे ना? मग हे चाक, आरा, जू, धुरा हेच त्याचे खरे वारस. दुकानातून नवे कोरे संस्कृत कशाला आणायचे?

आणि नवीन शब्द हवाच असेल तर मराठीची स्वतःची रीत आहे. खोल नांगरटीला किती बैल लागतात त्यावरून आपला शेतकरी चारबैली, सहाबैली, आठबैली नांगर म्हणत आला. त्याच चालीवर दोनघोडी गाडी, चारघोडी गाडी म्हणा. पांढुर्ण्याच्या पोळ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही ते न सांगता समजेल. त्याला ‘द्व्यश्वयान’ म्हणून पाहा. तो तुम्हाला दवाखान्याचा रस्ता दाखवील.

असो. नामांचा प्रश्न माझ्या लेखी इथे संपला. आता खऱ्या दुखण्याकडे येतो.

माझ्या शाळेत मराठी घरांतली मुले बरीच आहेत. माध्यम हिंदी, घरी आई-आजीशी मराठी, गल्लीत भोपाळी. मी त्यांना अधूनमधून चार-सहा हिंदी वाक्ये मराठीत करायला देतो. ‘ताँगेवाले ने घोड़ा जोता’ याचे मराठी दहातली आठ मुले ‘टांगेवाल्याने घोडा जोतला’ असे करतात. ‘घोड़ा खोल दिया’ याचे ‘घोडा खोलला’. ‘ताँगे में चार सवारियाँ थीं’ याचे ‘टांग्यात चार सवाऱ्या होत्या’. ‘घोड़े बेचकर सोया’ याचे ‘घोडे विकून झोपला’.

यात ‘टांगा’ हा शब्द हिंदी की मराठी, याने काडीचाही फरक पडत नाही. पण ‘जोतला’ आणि ‘खोलला’ यांनी पडतो. मराठीत घोडा जुंपतात आणि घोडा सोडतात. खोलतात ती पेटी, कुलूप, फार तर गुपित. घोडा खोलला म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर झाकण उघडलेला घोडा येतो. आणि ‘जुंपणे’ गेले की त्याच्यामागोमाग काय काय जाते ते पाहा. कामाला जुंपणे जाते. दोघा भावांत जुंपली, हे जाते. मानेवर जू आले, हे समजेनासे होते. ‘सोडणे’ आकसले की तिन्हीसांजेला ‘बैल सोडले का?’ या प्रश्नातला दिवस संपल्याचा सुस्कारा जातो.

‘सवारी’चे तर दोन्ही भाषांत मजेशीर भांडण आहे. हिंदीत सवारी म्हणजे गाडीत बसणारा उतारू. स्टेशनावर टांगेवाला ओरडतो ती सवारी. मराठीत स्वारी म्हणजे मोहीम, माळव्यावरच्या स्वाऱ्या. किंवा आमच्या आज्या आजोबांविषयी थट्टेने म्हणत ती, ‘स्वारी आज उशिरा येणार.’ मूळ एकच, दोघांनी दोन वाटा धरल्या. हा फरक मुलाला कळला तर ते दोन्ही भाषांत श्रीमंत होते. न कळला तर ते दोन्हीकडे चाचपडते.

सर्वांत मोठे संकट मात्र ‘चालवणे’ हे आहे. टांगा चालवला, बैलगाडी चालवली, होडी चालवली, घोडा चालवला, शाळा चालवली! मराठीत जनावराची गाडी हाकतात. होडी वल्हवतात. घोडा दौडवतात. मोटार चालवतात, ते ठीक आहे. तिला जीव नाही. हाकणाऱ्याला घोड्याचे मन ओळखावे लागते, आणि त्या ओळखण्यासाठी मराठीत शब्दांची सबंध पेठ आहे: घोडा बुजतो, बिथरतो, अडतो, उधळतो, फुरफुरतो. बुजणे आणि बिथरणे एक नव्हे. कागदाचा कपटा उडाला म्हणून घोडा बुजतो. वारंवार मार खाल्ला की बिथरतो. वर्गातल्या मुलांनाही हा फरक तंतोतंत लागू आहे, हे कोणताही अनुभवी मास्तर सांगेल. आणि टांगा उलाळ होतो! दोन चाकांच्या गाडीत वजन आसाच्या मागे जास्त झाले की दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा त्याला वर ओढू लागतो. वजन पुढे जास्त झाले की सगळा भार त्याच्या पाठीवर येतो. म्हणून टांगेवाला चढताना माणसे पुढे-मागे करून बसवी. एवढी सगळी समज ‘उलाळ’ या तीन अक्षरांत आहे. हिंदीतही तो ‘उलार’ म्हणून आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी एकमेकींच्या शेजारी बसून तो जपला, आणि आता दोन्हीकडची मुले तो एकदमच विसरत आहेत.

इथे एक स्पष्ट करतो. दोष हिंदीचा नाही. हिंदीत ‘हाँकना’ आहे, ‘बिदकना’ आहे. भोपाळच्या जुन्या शहरातल्या टांगेवाल्यांची बोली ऐकलेल्यांना तिची ऐट ठाऊक आहे. आपली मुले ती हिंदीही शिकत नाहीत. ती शिकतात दूरदर्शन संचाची आणि मोबाईलची एक पातळ हिंदी, आणि त्या पातळ हिंदीवरून आणखी पातळ मराठी करतात. हिंदीशी भांडून हे थांबणार नाही.

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने घेतलेल्या मराठी निबंधस्पर्धेत मी एक परीक्षक होतो. दुसरे परीक्षक महाराष्ट्रातून आले होते. आठवीतल्या एका मुलीने आपल्या आजोबांच्या नागपूर-भोपाळ प्रवासावर लिहिले होते. निबंध चांगला होता, जिवंत होता. त्यात एक वाक्य होते: ‘तांगेवाल्याने घोडा खोलला आणि त्याला दाणा दिला.’ माझ्या सहपरीक्षकांनी ‘तांगेवाल्याने’खाली दोनदा लाल रेघ मारली, शेजारी ‘टांगा! हिंदी नको!!’ असे लिहिले आणि त्याचे गुण कापले. ‘खोलला’कडे त्यांचे लक्षही गेले नाही. मी ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘हो का? पण मुख्य दोष तांगा हाच.’ बक्षीस दुसऱ्या निबंधाला गेले. त्याचे मला दुःख नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीचे नाव यादीत नव्हते. तिचे वडील बाजारात भेटले तेव्हा मी विचारले. ते म्हणाले, ‘सर, ती म्हणते, माझी मराठी खराब आहे, मी हिंदीतच लिहिते. घरीसुद्धा आजीशी आता हिंदीतच बोलते.’

‘त’चा ‘ट’ करण्यासाठी आपण एक मूल घालवले. मेळाव्यांमधून, स्पर्धांमधून अशी किती घालवली असतील, याची यादी कुणी छापत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. हे पत्रके काढत नाहीत. हे पालकसभेत उठून विचारतात, ‘सर, टांगे राहिले कुठे? जे मुलाने पाहिलेच नाही त्याचे शब्द कशाला घोकायचे?’ प्रश्न बिनतोड वाटतो. टांगा भोपाळच्या रस्त्यावरून गेला हे खरेच आहे. टेम्पो आले, मिनीबस आली, आणि घोड्याची गाडी आता लग्नाच्या वरातीत दिव्यांच्या माळा घालून दिसते, तेवढीच. मुंबईत २०१५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. जनावरांचे हाल पाहता तो निर्णय योग्यच होता; माझा या लेखाचा हेतू घोड्याच्या पाठीवर पुन्हा चाबूक आणण्याचा नाही. पण गंमत पाहा. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच मुंबईत त्याच घाटाच्या गाड्या विजेवर धावू लागल्या, आणि त्यांचे नाव काय? व्हिक्टोरिया! घोडा गेला, नाव टिकले. २६ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती चार दशकांच्या खंडानंतर घोड्यांच्या गाडीतून संचलनाला आल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘बग्गी’ लिहिले. इंग्रजीत मुळात बग्गी म्हणजे एका घोड्याची हलकी गाडी. राष्ट्रपतींच्या शाही गाडीशी तिचा संबंध मूषकाचा गजाननाशी असावा तेवढाच. तरी लोकांना समजले. नामांना मरण नाही, ती कुठेही चिकटून जगतात.

आणि ‘न पाहिलेल्या वस्तूचे शब्द कशाला’ म्हणणारे हेच पालक दिवसभर काय बोलतात? हट्टी कारकून अडेलतट्टू असतो. तट्टू त्यांनी पाहिलेले नसते. चाकोरीबाहेरचा विचार करा, असे ते मुलाला सांगतात. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली वाट. डोळ्यांना झापडे लावलेला माणूस त्यांना ठाऊक असतो, वरातीमागून घोडे येते, पानाचा तोबरा भरला जातो. साहेबांच्या दौऱ्याबरोबर चौघे उगाचच गेले की गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होते. हा नळा म्हणजे वंगणाचा बांबूचा नळकांडा, गाडीच्या खाली टांगलेला. बिचारा काही न करता पंढरीला जाऊन येतो. आणि कॉलेजातली पोरे? ‘टांगा पलटी, घोडे फरार’! टांग्यात कधीही न बसलेल्या पिढीने ही म्हण वापरात ठेवली आहे. त्यांना ती शाळेत कुणी शिकवली नाही. पत्रककर्त्यांनी ती ‘अश्वयान विपर्यस्त, अश्व पलायित’ करून दाखवावी.

आपल्या भोपाळच्या मराठीविषयी थोडे बोलायला हवे, कारण हे पत्रक तिच्या मुळावर येते. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली. नागपूर तोवर राजधानी होते. तिथल्या कचेऱ्यांतली मराठी कुटुंबे दप्तरांबरोबर इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरची मराठी मंडळी आली, त्यांची भाषा शिंदे-होळकरांच्या काळापासून हिंदीच्या शेजारात मुरलेली. जबलपूरकडचे आले. पुण्यामुंबईहून नोकरीसाठी आले. नागपूरकडचा माणूस बंडी, रेंगी, खाचर म्हणे. ते ऐकून पुण्याचा हसे. पुणेकर दमणी आणि सारवट म्हणे. ते नागपूरकराला कळत नसे. ग्वाल्हेरकर ‘तांगा’ म्हणे आणि ते दोघेही त्याला हसत. पण सरकारी वसाहतींच्या अंगणांत ही सगळी मुले एकत्र वाढली आणि तिथे एक मराठी तयार झाली, जी पुण्याची नव्हे, नागपूरची नव्हे, आणि कुणाची कमीही नव्हे. तिच्यात ‘तांगा’ आहे. असू द्या. बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूरकडच्या घरांत असेच काही निराळे असेल, बेळगाव-बिदरला आणखी निराळे. सीमेवरच्या माणसाची नामे दोन्हीकडची असायचीच. वाक्य कुठल्या भाषेच्या जुवाखाली चालते आहे, ते क्रियापद सांगते.

म्हणून मी त्या पत्रकाच्या समितीला एक लेखी सूचना केली. पुढची आवृत्ती काढाल तर नामांचे सगळे रकाने गाळा आणि एकच पान छापा, क्रियापदांचे. जुंपणे, सोडणे, हाकणे, वल्हवणे, कलंडणे, बुजणे, बिथरणे, अडणे, उधळणे. प्रत्येकाखाली घरात रोज बोलता येईल असे एक वाक्य. ते पान मुलांना वाटू नका, आई-वडिलांना वाटा. स्पर्धेच्या परीक्षकांना लेखी सांगा की ‘तांगा’ला गुण कापायचे नाहीत, आणि ‘खोलला’ दिसला तर रेघ न मारता शेजारी पेन्सिलीने ‘सोडला’ लिहायचे, एवढेच.

समितीचे उत्तर महिनाभरात आले. सूचना विचारार्थ ठेवल्या आहेत. दरम्यान दुसऱ्या आवृत्तीसाठी ‘सायकल रिक्षा’ या परक्या शब्दाला आपण शुद्ध पर्याय सुचवावा, अशी विनंती होती. रिक्षा हा जपानी ‘जिनरिकिशा’चा शेवटचा तुकडा. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. घोडा काढून त्या जागी माणूस जुंपलेली गाडी. मी विनंतीच्या कागदावर पर्यायाच्या रकान्यात ‘सायकल रिक्षा’ असे लिहिले आणि कागद परत पाठवला.